क्वोता आणि शेअर: इटालियन एस.आर.एल. कंपनीतील मालकीहक्काच्या इंग्रजी अनुवादाचे एक प्रकरण

इटलीतील ब्रेशा प्रांतातली एक कौटुंबिक एस.आर.एल. (मर्यादित जबाबदारीची) कंपनी आणि तिच्यातील बहुसंख्य हिस्सा विकत घेऊ पाहणारी चाकणमधील एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी यांच्यातील व्यवहार या प्रकरणाच्या केंद्रस्थानी आहे. प्रकरण अभ्यासासाठी रचलेले असून त्यातील पक्ष आणि रकमा कल्पित आहेत. मात्र ज्या कायद्यांच्या आधारे त्याची चर्चा केली आहे, ते इटालियन दिवाणी संहितेचे आणि भारतीय परकीय चलन कायद्याचे नियम जसे आहेत तसेच घेतले आहेत. असे व्यवहार महाराष्ट्रातील उद्योगांना अपरिचित नाहीत. औरंगाबादेत वाढलेल्या एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीजच्या इटलीतील उपकंपन्यांत एस.पी.ए. (भांडवलाचे शेअर पाडलेली कंपनी) आणि एस.आर.एल. हे दोन्ही प्रकार आढळतात, आणि या दोन प्रकारांतील मालकीहक्क इंग्रजीत कसा मांडायचा हाच येथे अभ्यासाचा विषय आहे.

कंपनीचे भांडवल 1,00,000 युरो आहे. वडिलांचा हिस्सा 50,000 युरोंचा आणि मुलीचा 30,000 युरोंचा आहे. उरलेल्या 20,000 युरोंच्या हिश्श्याची मालकी मुलाच्या नावावर असली, तरी त्याच्या उपभोगाचा हक्क आईकडे तिच्या हयातीपर्यंत राखून ठेवलेला आहे. कंपनीच्या स्तातूतोने, म्हणजे नियमावलीने, मुलीला संचालक मंडळावर एक संचालक नेमण्याचा खास अधिकार दिला आहे. शिवाय या कंपनीकडे एका एस.पी.ए. कंपनीचे 17,500 शेअर आहेत. त्या दुसऱ्या कंपनीचे भांडवल 50,000 युरो असून ते तितक्याच शेअरांत विभागलेले आहे. चाकणच्या कंपनीने वडिलांचा आणि मुलाचा हिस्सा मिळून 70 टक्के मालकी घ्यायची आणि मुलीने 30 टक्क्यांसह कंपनीत राहायचे, असे ठरले. आपल्याकडच्या साठेखताच्या जागी तिकडे जो प्राथमिक करार होतो तो, हस्तांतरणाचा अंतिम दस्त, दोन्ही कंपन्यांच्या नियमावल्या आणि नोंदवहीचे उतारे एवढी कागदपत्रे इंग्रजीत हवी होती. ती वाचणारे तिघे होते: खरेदीदाराचे पुण्यातील वकील, त्यांचे सनदी लेखापाल आणि पैसे परदेशी पाठवणारी बँक.

पहिला अनुवाद वाचायला अतिशय सुलभ होता, आणि अडचण त्या सुलभतेतच होती. मूळ इटालियन कागदांत क्वोता (एस.आर.एल.मधील हिस्सा), आत्सिओने (एस.पी.ए.चा शेअर) आणि पार्तेचिपात्सिओने (दोन्हींना लागू पडणारा सहभाग) असे तीन वेगवेगळे शब्द आले होते. अनुवादात तिन्हींच्या जागी शेअर हा एकच शब्द बसवला गेला. सोचो, म्हणजे सभासद, या शब्दासाठी काही पानांवर पार्टनर आणि काही पानांवर शेअरहोल्डर असे आलटून पालटून वापरले गेले. वाचकाला हिशेब सोपा जावा म्हणून अनुवादकाने विकल्या जाणाऱ्या हिश्श्याचे वर्णन प्रत्येकी एक युरो दर्शनी किमतीचे 70,000 शेअर असे केले. मूळ दस्तात हा आकडा कोठेही नव्हता. तेथे 50,000 युरो आणि 20,000 युरो नाममात्र मूल्याचे दोन क्वोता होते.

क्वोता म्हणजे काय

1942 च्या इटालियन दिवाणी संहितेने भांडवली कंपन्यांचे जे प्रकार मानले, त्यांपैकी दोन प्रकार येथे महत्त्वाचे आहेत. एस.पी.ए., म्हणजे सोचिएता पेर आत्सिओनी, या प्रकारात भांडवलाचे शेअर पाडलेले असतात. कलम 2346 सांगते की सभासदाचा सहभाग शेअरांच्या रूपात व्यक्त होतो, आणि कलम 2348 सांगते की शेअर समान मूल्याचे असले पाहिजेत व त्यांनी समान हक्क दिले पाहिजेत, जरी नियमावलीने वेगवेगळ्या वर्गांचे शेअर काढण्यास मुभा असली तरी. अशा कंपनीत मालकी मोजायची म्हणजे एकके मोजायची. शेअर कोणाच्या हाती आहे याने त्याचे स्वरूप बदलत नाही, आणि तो एकाकडून दुसऱ्याकडे गेला तरी तोच शेअर राहतो.

एस.आर.एल., म्हणजे सोचिएता आ रेस्पोन्साबिलिता लिमिताता, या प्रकाराची मांडणी निराळी आहे. 17 जानेवारी 2003 च्या सहाव्या क्रमांकाच्या वैधानिक आदेशाने कंपनी कायद्याची मोठी सुधारणा झाली आणि ती 1 जानेवारी 2004 पासून लागू झाली. त्या सुधारणेने एस.आर.एल.ला एस.पी.ए.च्या सावलीतून बाहेर काढून व्यक्तींभोवती उभी राहिलेली कंपनी असे स्वतंत्र रूप दिले. कलम 2468 चे पहिलेच वाक्य असे आहे की सभासदांचा सहभाग शेअरांच्या रूपात दाखवता येत नाही. म्हणजे एस.आर.एल.च्या हिश्श्याला शेअर म्हणणारा अनुवाद नेमके तेच करतो जे मूळ कायद्याने शब्दशः मना केले आहे. माझ्या मते इतर कोणत्याही युक्तिवादाआधी हे एक वाक्य अनुवादकाने समोर ठेवायला हवे.

क्वोता हे एकक नसून माप आहे. प्रत्येक सभासदाचा एकच क्वोता असतो, तो लहान असेल किंवा मोठा असेल, आणि सभासदाने आणखी हिस्सा विकत घेतला तर त्याच्याकडे एरवी दोन क्वोता राहत नाहीत, पहिलाच क्वोता मोठा होतो, ही इटालियन कायदेपंडितांची जुनी आणि रूढ भूमिका आहे. या व्यवहारातही वडिलांचा 50,000 चा आणि मुलाचा 20,000 चा क्वोता खरेदीदाराकडे आल्यावर त्यांचा मिळून 70,000 युरो नाममात्र मूल्याचा, म्हणजे भांडवलाच्या 70 टक्के इतका, एक क्वोता होतो. 70,000 शेअर होत नाहीत. त्यातून उद्या काही भाग विकायचा झाला तर शेअर मोजून देता येणार नाहीत; क्वोत्याचे विभाजन करून ते दस्तात लिहावे लागेल.

शेअर आणि क्वोता यांच्या हस्तांतरणाच्या वाटाही वेगळ्या आहेत. कलम 2470 प्रमाणे क्वोत्याच्या हस्तांतरणाचा दस्त सह्या प्रमाणित करून तीस दिवसांच्या आत कंपनी नोंदवहीत, म्हणजे स्थानिक चेंबर ऑफ कॉमर्सकडे असलेल्या रेजिस्त्रो देल्ले इम्प्रेसे या नोंदवहीत, दाखल करावा लागतो, आणि तो दाखल झाल्यापासूनच हस्तांतरण कंपनीवर बंधनकारक होते. पूर्वी एस.आर.एल.लाही सभासदांचे पुस्तक ठेवणे सक्तीचे होते. 2008 च्या अखेरीस निघालेल्या आणि 2009 मध्ये कायद्यात रूपांतरित झालेल्या अध्यादेशाने ती सक्ती गेली. एकच क्वोता दोघांना विकला गेला, तर ज्याने सद्भावनेने आधी नोंद केली त्याचा हक्क श्रेष्ठ ठरतो, मग त्याचा दस्त नंतरच्या तारखेचा का असेना. इटलीचा 2012 च्या अखेरच्या अर्थसंकल्पी कायद्याने आणलेला वित्तीय व्यवहार कर शेअरांच्या हस्तांतरणावर लागतो, एस.आर.एल.च्या क्वोत्यांवर लागत नाही. म्हणजे शेअर हा शब्द वाचून पुण्यातील लेखापालाने करांच्या तक्त्यात एक जास्तीची ओळ घातली असती, तर त्यात त्याची चूक म्हणता आली नसती.

बँकेने काय मागितले

अनुवादातील गफलत प्रथम उघड झाली ती बँकेत. भारताच्या परदेशी गुंतवणुकीसंबंधीच्या नियमांची आणि विनियमांची नवी चौकट 22 ऑगस्ट 2022 पासून लागू आहे. तिच्यानुसार परदेशी कंपनीत गुंतवणूक करणाऱ्याने पैसे पाठवल्यापासून सहा महिन्यांच्या आत शेअर सर्टिफिकेट किंवा त्या देशाच्या कायद्याप्रमाणे जे काही संबंधित कागदपत्र असेल ते, गुंतवणुकीचा पुरावा म्हणून, बँकेकडे द्यायचे असते. बँकेच्या अधिकाऱ्यासमोर 70,000 शेअर असे लिहिलेला करार होता. त्याने सरळ शेअर सर्टिफिकेट कधी मिळतील आणि त्यांवर कोणते क्रमांक असतील, असे विचारले. हा प्रश्न भारतीय वाचकाच्या दृष्टीने अगदी रास्त होता, कारण 2013 च्या कंपनी कायद्याचे कलम 45 डिमॅटमध्ये नसलेल्या प्रत्येक शेअरला स्वतंत्र क्रमांक असावा असे सांगते आणि कलम 46 सर्टिफिकेटला मालकीचा प्रथमदर्शनी पुरावा मानते. शेअर हा शब्द वापरला की हे सारे त्याच्या मागोमाग येते.

ब्रेशाच्या नोटरीकडून उत्तर आले की असे सर्टिफिकेट निघत नाही आणि निघू शकतही नाही. इटालियन कायद्याच्या दृष्टीने हे उत्तर पूर्ण होते. चाकणमध्ये मात्र त्याचा अर्थ असा घेतला गेला की विक्रेते काहीतरी द्यायचे टाळत आहेत. दोन्ही बाजू खरे बोलत असूनही त्यांच्यात संशय निर्माण झाला, आणि एका शब्दाच्या निवडीमुळे तो झाला, ही गोष्ट मला या प्रकरणात सर्वांत गंभीर वाटते.

वास्तविक भारतीय नियमांतच वाट होती. शेअर सर्टिफिकेट किंवा त्या देशाच्या कायद्याप्रमाणे संबंधित कागदपत्र, या शब्दरचनेतील दुसरा भाग अशाच प्रकारांसाठी उपयोगी पडतो. एस.आर.एल.च्या बाबतीत ते कागदपत्र म्हणजे नोंदवहीचा अधिकृत उतारा, ज्याला विझूरा कामेराले म्हणतात, आणि त्यासोबत प्रमाणित हस्तांतरण दस्त. पण अनुवादात क्वोत्याला शेअर म्हटल्यामुळे बँकेला या दुसऱ्या भागाकडे पाहण्याचे कारणच उरले नव्हते.

खास अधिकार कोणाचा

मुलीला दिलेल्या अधिकाराचा प्रश्न यापेक्षा नाजूक होता. कलम 2468 चा तिसरा परिच्छेद म्हणतो की कंपनीचे प्रशासन किंवा नफ्याचे वाटप यांबाबत विशिष्ट अधिकार एकेका सभासदाला देता येतात. कायद्याने सभासदाला असे म्हटले आहे, क्वोत्याला असे म्हटलेले नाही. म्हणून हा अधिकार त्या व्यक्तीशी जोडलेला असतो आणि नियमावलीत वेगळे काही लिहिले नसेल तर क्वोता विकल्यावर तो विकत घेणाऱ्याकडे जात नाही, असे सामान्यतः मानले जाते. चौथ्या परिच्छेदाप्रमाणे, नियमावलीत अन्यथा म्हटले नसेल तर, असे अधिकार बदलायला सर्व सभासदांची संमती लागते.

पहिल्या अनुवादात या तरतुदीचे रूपांतर विशेष अधिकार असलेल्या ब वर्गाच्या शेअरात झाले होते. इंग्लंडमधील किंवा भारतातील वकील वर्गाचे शेअर म्हटल्यावर असे समजतो की अधिकार त्या शेअरात सामावलेला आहे, शेअर विकला की तोही विकला जातो आणि त्या वर्गातील विशिष्ट बहुमताने तो बदलता येतो. पुण्यातील वकिलांनी तसेच समजून खरेदीदाराला सल्ला दिला, की पुढे कधी मुलीचे 30 टक्के घेतले तर संचालक नेमण्याचा अधिकारही आपोआप हाती येईल. याच समजुतीवर त्यांनी भविष्यातील खरेदीची किंमत ठरवणारे एक कलम लिहायला घेतले होते. सुधारित अनुवादात ही तरतूद मुलीला व्यक्तिशः दिलेला विशिष्ट अधिकार अशा शब्दांत आली आणि वर्ग हा शब्द पूर्णपणे काढून टाकला. त्यानंतर किमतीचे ते कलम वकिलांनी स्वतःच मागे घेतले.

येथे एक पथ्य पाळावे लागते. 2012 च्या एका अध्यादेशाने नवोन्मेषी स्टार्टअप असलेल्या एस.आर.एल.ना आणि 2017 मध्ये लघू व मध्यम उद्योगांतील एस.आर.एल.ना क्वोत्यांचे वर्ग पाडण्याची मुभा दिली. 2024 च्या एकविसाव्या क्रमांकाच्या कायद्याने तर अशा उद्योगांतील समान मूल्याच्या आणि समान हक्कांच्या क्वोत्यांना कागदाविना, खात्यातील नोंदीच्या स्वरूपात ठेवण्याचीही वाट मोकळी केली. अशा कंपनीत वर्ग हा शब्द योग्यच ठरेल. आपल्या प्रकरणातील कंपनीच्या नियमावलीत मात्र असे वर्ग नव्हते, आणि नियमावलीत नसलेली गोष्ट अनुवादाने आत आणता कामा नये.

आईचा हक्क आणि मुलाचा हक्क

मुलाकडे नूदा प्रोप्रिएता, म्हणजे उपभोगाविना मालकी, आणि आईकडे उसुफ्रुत्तो, म्हणजे उपभोगाचा हक्क होता. इटालियन कुटुंबांत मालमत्ता पुढच्या पिढीकडे नेण्याची ही सर्वपरिचित रीत आहे. कलम 2471 बिस (बिस म्हणजे मागाहून जोडलेले कलम) या बाबतीत शेअरांसाठीच्या कलम 2352 कडे बोट दाखवते, आणि त्यानुसार वेगळा करार नसेल तर मतदानाचा हक्क उपभोगाधिकार असणाऱ्याचा असतो. म्हणजे गेली अनेक वर्षे सभांत मत आईने दिले होते, मुलाने नव्हे.

पहिल्या अनुवादात मुलाला कायदेशीर मालक आणि आईला लाभार्थी मालक म्हटले होते. इंग्रजी कायद्यात ही जोडी विश्वस्त व्यवस्थेची आहे: एकाच्या नावावर मालमत्ता, दुसऱ्यासाठी तिचा लाभ, आणि पहिल्यावर दुसऱ्याच्या हिताची जबाबदारी. भारतीय कंपनी कायद्याची कलमे 89 आणि 90 लाभार्थी मालकाची घोषणा मागतात, आणि बँकांनाही ग्राहकाची ओळख पटवताना लाभार्थी मालक कोण हे तपासावे लागते. त्यामुळे आईवर नसलेली ओळख चिकटली, आणि मुलगा जणू तिचा नामधारी विश्वस्त आहे असे चित्र उभे राहिले. इटालियन कायद्यात येथे विश्वस्त कोणीच नाही. दोघांचेही हक्क स्वतःचे, स्वतंत्र आणि वस्तूवरचे आहेत; दोघांनी आपापला हक्क विकला तरच खरेदीदाराला पूर्ण मालकी मिळते. युझुफ्रक्ट हा शब्द इंग्रजी कायदेभाषेत जुना आहे आणि नूदा प्रोप्रिएतासाठी बेअर ओनरशिप ही शब्दयोजनाही रुळलेली आहे. तेच शब्द घेऊन शेजारी मतदानाचा हक्क कोणाचा ते एका वाक्यात सांगणे, एवढे पुरेसे होते.

ओप्त्सिओने आणि प्रेलात्सिओने

एस.पी.ए.च्या नियमावलीत दिरित्तो दि ओप्त्सिओने होता. अनुवादात तो ऑप्शन झाला आणि लेखापालाने त्याची किंमत काढायला घेतली. प्रत्यक्षात कलम 2441 मधील हा हक्क नवे शेअर काढताना आधीच्या सभासदांना त्यांच्या प्रमाणात ते घेण्याची प्रथम संधी देणारा आहे. ठरावीक किमतीला खरेदी करण्याचा तो करार नाही. एस.आर.एल.मध्ये याच्याशी समांतर हक्काला कलम 2481 बिस वर्गणीचा, म्हणजे नव्या भांडवलात हिस्सा घेण्याचा, हक्क म्हणते. या दोन्हींहून निराळा प्रेलात्सिओने हा नियमावलीतून येणारा हक्क आहे: कोणी आपला हिस्सा बाहेर विकणार असेल तर तो आधी इतर सभासदांना देऊ करायचा. इंग्लंडमध्ये दोन्हींना प्रीएम्पशन म्हणण्याची पद्धत आहे, म्हणून सुधारित अनुवादात एकाला नव्या भांडवलावरील प्रथम वर्गणीचा हक्क आणि दुसऱ्याला हस्तांतरणावरील प्रीएम्पशन असे वेगळे केले. हा फरक व्यवहारात लगेच कामाला आला, कारण वडील आणि मुलगा बाहेर विकत असल्याने मुलीने आपला प्रेलात्सिओने सोडल्याचे पत्र दस्ताआधी घेणे आवश्यक होते.

शब्दांची निवड

क्वोत्यासाठी इंग्रजीत काय वापरावे याचे चार पर्याय विचारात आले. शेअर हा युरोपीय संघाच्या इंग्रजी कायद्यांत एक सभासदी कंपन्यांबाबत सर्रास येतो, आणि अनेक देशांना लागू पडणाऱ्या मजकुरात त्याचा उपयोग समजण्यासारखा आहे. मात्र एका विशिष्ट कंपनीच्या दस्तात तो चालत नाही. मेंबरशिप इंटरेस्ट हा अमेरिकेतील एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) या प्रकारातला शब्द आहे. रचनेच्या दृष्टीने तो क्वोत्याच्या बराच जवळ जातो. अमेरिकी करनियमांतही इटलीची एस.पी.ए. ही सक्तीने कॉर्पोरेशन मानल्या जाणाऱ्या परदेशी कंपन्यांच्या यादीत आहे आणि एस.आर.एल. नाही. वाचक अमेरिकी असता तर मी हा शब्द गांभीर्याने विचारात घेतला असता. पुण्यातील वाचकाला मात्र तो एलएलपीकडे, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीकडे, नेतो. इंटरेस्ट हा शब्द अतिशय सैल आहे.

उरतो क्वोटा. साध्या इंग्रजीत त्याचा अर्थ नेमून दिलेला वाटा असा होत असला, तरी इटालियन कंपन्यांच्या इंग्रजी कागदपत्रांत तो आणि सभासदासाठी क्वोटाहोल्डर हे दोन्ही शब्द बऱ्याच काळापासून वापरात आहेत. वाचकाला तो किंचित अपरिचित वाटतो, आणि येथे ते हिताचेच आहे, कारण अपरिचित शब्दापाशी वाचक थांबून व्याख्या पाहतो. पार्टनर हा शब्द सर्वत्र काढला, कारण तो अमर्याद जबाबदारीची किंवा एलएलपीची आठवण करून देतो. पार्तेचिपात्सिओने हा शब्द मात्र क्वोता आणि शेअर या दोहोंना कवेत घेणारा असल्याने, जेथे मूळ मजकूर दोन्ही कंपन्यांतील मालकीविषयी एकत्र बोलतो तेथे त्यासाठी होल्डिंग हा शब्द घेतला, आणि एस.पी.ए.च्या 17,500 शेअरांना शेअरच ठेवले.

इटालियन न जाणणारा पक्ष असेल तर नोटरी दस्त परदेशी भाषेत, सोबत इटालियन अनुवादासह करता येतो, किंवा दुभाषा नेमता येतो; 1913 च्या नोटरी कायद्याची कलमे 54 आणि 55 हे सांगतात. या व्यवहारात दोन्ही भाषांचा मजकूर शेजारी शेजारी छापला गेला, आणि इटालियन मजकूर निर्णायक राहील असे लिहिले गेले. त्यामुळे शब्दांची व्याख्या इंग्रजी स्तंभाच्या पहिल्याच पानावर आली. विकल्या जाणाऱ्या वस्तूचे अंतिम वर्णन असे ठरले: कंपनीच्या 1,00,000 युरो भांडवलापैकी 50,000 युरो नाममात्र मूल्याचा क्वोता, वडिलांच्या पूर्ण मालकीचा; आणि 20,000 युरो नाममात्र मूल्याचा क्वोता, ज्याची उपभोगाविना मालकी मुलगा विकत आहे व ज्यावरील उपभोगाचा हक्क आई विकत आहे; दोन्ही मिळून खरेदीदाराच्या हाती भांडवलाच्या 70 टक्के इतका एक क्वोता. नोंदवहीत दस्त दाखल झाल्यानंतरचा उतारा, त्याचा इंग्रजी अनुवाद आणि एस.आर.एल.चा सहभाग शेअरांच्या रूपात दाखवता येत नाही हे सांगणाऱ्या कलम 2468 च्या वाक्याचा अनुवाद, असे तीन कागद बँकेकडे गेले, आणि सर्टिफिकेटची मागणी बँकेने मागे घेतली.